८२ अंश आले कुठून? जुन्या पिकअपचं पाणी आणि ‘आदर्श’ तापमानाचा इतिहास

भोसरी एमआयडीसीत टर्निंग झालेला माल चाकणला पोचवणारी जुनी डिझेल पिकअप डोळ्यांसमोर आणा. पंधरा-वीस वर्षं वापरलेली, दोन-तीन मालक बघितलेली. प्रश्न साधा आहे: या गाडीच्या इंजिनातलं पाणी किती गरम असावं?

हा प्रश्न चार जणांना विचारला तर चार उत्तरं येतात. थर्मोस्टॅटवर बहुधा ८२ च्या आसपासचा आकडा कोरलेला असतो. ड्रायव्हर म्हणतो, काटा मध्याच्या खालीच राहिला पाहिजे. मिस्त्री म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी कायम थंड राहील. आणि नुकतंच थर्मोडायनॅमिक्स वाचलेला विद्यार्थी म्हणतो, जितकं गरम तितकी कार्यक्षमता जास्त.

यातलं बरोबर कोण, हे मी शेवटी सांगतो. पण संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या तुमच्यासाठी आधीचा प्रश्न जास्त कामाचा आहे. ही उत्तरं आली कुठून? कारण ‘आदर्श तापमान’ हा काही पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा निसर्गाने दिलेला आकडा नाही. तो माणसांनी, त्या त्या वेळच्या अडचणी बघून ठरवलेला आहे. अडचण बदलली की आकडाही बदलला.

जेव्हा निवडच नव्हती

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी तापायचं, उकळायचं आणि वाफ होऊन जायचं. उकळताना पाणी भरपूर उष्णता घेऊन जातं, त्यामुळे इंजिन थंड राहायचं. बदल्यात वाटेत सारखं पाणी भरावं लागायचं. १८८८ मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्टसहाइमला गाडी घेऊन गेली, तेव्हा त्या प्रवासातलं एक मोठं काम पाणी शोधणं हेच होतं. अशा इंजिनाचं तापमान किती? १०० अंश. कारण उकळतं पाणी त्याच्या वर जात नाही. इथे कोणी ‘आदर्श’ काही निवडलेलं नव्हतं.

निवड शक्य झाली ती रेडिएटरमुळे. विल्हेल्म मायबाखने १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या होत्या. हवेला लागणारा पृष्ठभाग प्रचंड वाढला आणि थोडक्या पाण्यावर काम भागायला लागलं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवता येऊ लागलं आणि तापमान १०० च्या खाली ठेवणं हातात आलं.

पण खाली म्हणजे किती खाली? फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८) अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी खाली येतं, एवढ्याच भरवशावर ते फिरायचं. थंडीत इंजिन गार पडायचं, उन्हाळ्यात चढावर उकळायचं. तापमान हवामानावर आणि रस्त्यावर सोडलेलं होतं.

दारूने ठरवलेला आकडा

आता गंमत बघा. पुढच्या काळात अमेरिकेत थर्मोस्टॅट आला आणि त्यावर बरीच वर्षं आकडा असायचा १६० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७१ सेल्सिअस. ७१ च का? इंजिनाला ते मानवत होतं म्हणून नव्हे. हिवाळ्यात पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून लोक रेडिएटरमध्ये अल्कोहोल ओतायचे. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. पाण्यात मिसळल्यावर मिश्रणाचा उत्कलनबिंदू त्याहून वर जातो, पण शुद्ध पाण्यापेक्षा बराच कमी राहतो. इंजिन जास्त तापवलं की अल्कोहोल उडून जाणार आणि रात्री पाणी गोठणार. म्हणजे ७१ हा आकडा इंजिनाने नाही, दारूने ठरवला होता.

एथिलीन ग्लायकॉल १८५० च्या दशकातच चार्ल्स अडॉल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं होतं. पण रेडिएटरसाठी ते ‘प्रेस्टोन’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात आलं १९२७ मध्ये. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश. ते उडून जात नाही. ग्लायकॉल रुळलं तसं ७१ ला चिकटून राहायचं कारण उरलं नाही. आकडा पुढे १८० फॅरनहाइटवर म्हणजे ८२ सेल्सिअसवर सरकला.

इथे थोडं थांबा. जुन्या पुस्तकात ‘योग्य तापमान ७१’ असं वाचलं आणि नव्या पुस्तकात ‘९०’ वाचलं, तर पहिला लेखक चुकला असं आपण पटकन म्हणतो. तो चुकलेला नसतो. त्याच्या रेडिएटरमध्ये वेगळा द्रव असतो.

थंड इंजिन झिजतं

ग्लायकॉलने वर जायची वाट मोकळी केली. पण वर जावंच का? याचं भक्कम उत्तर १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये मिळालं. तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनियर्ससाठी सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग केले. ते सगळं काम १९४० मध्ये एकत्र प्रसिद्ध झालं.

तोवरची सर्वसाधारण समजूत काय होती? पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासतात, धूळ आत जाते, म्हणून बोअर झिजतो. म्हणजे झीज यांत्रिक. विल्यम्स यांना दिसलं ते वेगळं होतं. सिलिंडरची भिंत थंड ठेवली की झीज झपाट्याने वाढते. घर्षणाने हे नीट समजावता येत नाही; गंजण्याने येतं. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यासोबत आम्लं तयार होतात. भिंत पुरेशी गरम असेल तर हे सगळं वायुरूपातच धुराड्याकडे निघून जातं. भिंत थंड असेल तर त्यावर दव पडतं. ते आम्लाचं दव लोखंड खातं आणि रिंग ते खाल्लेलं पुसून नेते. पुन्हा दव, पुन्हा पुसणं.

म्हणून ‘थंड इंजिन म्हणजे सुखी इंजिन’ हे खरं नाही. थंडपणे चालणारं इंजिन आतून हळूहळू गंजत असतं. शिवाय तेल घट्ट राहतं, घर्षण वाढतं, इंधन जास्त जातं. फरक इतकाच, की उकळलेलं इंजिन पाच मिनिटांत आरडाओरडा करतं. गंजणारं दोन-तीन वर्षं गप्प राहतं आणि मग एकदम ‘इंजिन काम’ निघतं.

दाबाचं झाकण

खालची मर्यादा झिजेने ठरवली. वरची मर्यादा सरकवली ती झाकणाने. द्रव बंद जागेत दाबाखाली ठेवला की तो उशिरा उकळतो, हे प्रेशर कुकर वापरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. विमानांच्या इंजिनांत हा मुद्दा फार महत्त्वाचा होता, कारण उंचीवर हवेचा दाब कमी आणि पाणी लवकर उकळतं. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल वापरत. पुढे दाबाखालचं ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण आलं. कारण सोपं आहे: एक किलो पाणी एक अंश तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल घेतं, तेवढंच ग्लायकॉल फक्त २.४ च्या आसपास. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखा हमाल नाही.

याच बदलाने थर्मोस्टॅटही बदलायला लावला. जुने थर्मोस्टॅट धातूच्या भात्यासारखे असत; आतला द्रव उकळला की भाता फुगे आणि झडप उघडे. पण बाहेरचा दाब वाढला की भाता नीट फुगत नाही, चुकीच्या तापमानाला उघडतो. मेणाच्या कुपीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटला ही अडचण नव्हती. सर्जियस व्हर्ने यांनी तो १९३० च्या दशकात विकसित केला. मेण वितळताना फुगतं आणि दांडा जोरात ढकलतं; बाहेरच्या दाबाने त्याला फारसा फरक पडत नाही. तुमच्या पिकअपमध्ये आजही तोच आहे. एक भाग बदलला की शेजारचा भाग बदलावा लागतो, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसतं.

हा आकडा आपल्याकडे आला तेव्हा

पिंपरी-चिंचवडचा वाहन उद्योग उभा राहिला तो बऱ्याच अंशी परदेशी आराखड्यांशी घासाघीस करत. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं सहकार्य जर्मनीतल्या विडाल अँड झोन या कंपनीशी होतं. ‘टेम्पो’ हे त्या कंपनीच्या गाड्यांचं नाव. आज मराठीत कुठल्याही लहान मालगाडीला आपण टेम्पो म्हणतो, आणि ‘मॅटाडोर’ शब्दाचंही तसंच झालं. टेल्कोने जमशेदपूरला १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवले. ते सहकार्य १९६९ ला संपलं. तोवर सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पिंपरीत कंपनीचं पुण्याचं काम सुरू झालं होतं. इथूनच १९८६ मध्ये ४०७ आली, १९८८ मध्ये टाटामोबिल ही पिकअप आणि २००५ मध्ये आपला ‘छोटा हत्ती’. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यात १९६६ मध्ये सुरू झाली. तिचं एक केंद्र आता चाकणला आहे.

शब्द आला, आराखडे आले, पण हवा जर्मनीची आली नाही. दोन आकडेमोडी करून बघू.

पहिली. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश धरा. हॅम्बुर्गला उन्हाळ्यात हवा २५, म्हणजे फरक ६५. चाकणला मे महिन्यात हवा ४०, म्हणजे फरक ५०. तेवढीच उष्णता टाकायची तर रेडिएटर आणि पंखा मिळून १.३ पट समर्थ हवेत. त्यात चाकण चौकातली कोंडी. जुन्या पिकअपचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन आयडलला म्हणजे पंखाही सुस्त, आणि समोरून वारा नाही.

दुसरी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६ ला. म्हणजे झाकण सैल असेल आणि काटा ९५ दाखवत असेल, तर घाट चढताना हातात जेमतेम दोन-तीन अंश असतात. उलट ०.९ बारचं झाकण धड असेल तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं. शंभरेक रुपयांच्या झाकणात वीस अंशांची सवलत दडलेली आहे! (म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधी उघडू नका. १०५ अंशांचं पाणी, दाब गेला की जागच्या जागी उकळून अंगावर येतं.)

थर्मोस्टॅट का काढतात

आता मिस्त्रीकडे येऊ. ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे इतका रुजला आहे की कित्येक जुन्या पिकअपमध्ये तो नसतोच. पुस्तक वाचून याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे, पण ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं. त्याच्या बाजूने बघा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग महागडं कूलंट कशाला, म्हणून रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी जातं. ते जड असतं. क्षार बसतात, गंज धरतो, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकतो, गाडी भर घाटात उकळते, हेड वाकतं. एका दिवसाचं भाडं गेलं, वर हेडचा खर्च. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अनुभवावर बेतलेला सल्ला आहे तो.

पण त्यातला तर्क एका जागी घसरतो, आणि ती जागा तुम्ही नीट समजून घ्या. थर्मोस्टॅट कमाल तापमान ठरवत नाही, किमान ठरवतो. घराच्या भाषेत सांगायचं तर थर्मोस्टॅट ही जमीन आणि रेडिएटर, पंखा, झाकण हे छत. पूर्ण उघडल्यावर थर्मोस्टॅट जवळजवळ वाटेत नसल्यासारखाच असतो. तो काढून छत वर जात नाही. फक्त पायाखालची जमीन जाते. सकाळी भोसरीहून निघालेली रिकामी गाडी बराच वेळ ५०-६० अंशांवर चालते आणि विल्यम्स यांनी दाखवलेली झीज चालू होते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं भोक बंद करतो. तो काढला की भोक कायम उघडं, आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो. म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर: रिकाम्या गाडीला जास्त थंड, भरल्या गाडीला जास्त गरम.

काटा नेमकं काय मोजतो

क्षारांचं आणखी एक काम आहे, आणि ते संशोधकाने डोक्यात ठेवावं असं आहे. काटा पाण्याचं तापमान दाखवतो, धातूचं नाही. समजा हेडच्या तापलेल्या भागातून दर चौरस मीटरला २ लाख वॅट उष्णता पाण्याकडे जाते आहे. मध्ये क्षाराचा फक्त १ मिलिमीटर थर आहे आणि त्याची उष्णतावाहकता २ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. मग थराच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक किती? २,००,००० × ०.००१ ÷ २ = १०० अंश. काटा निवांत ८५ दाखवतो, आणि धातू स्वच्छ इंजिनापेक्षा १०० अंशांनी जास्त तापलेला असू शकतो.

मिस्त्री म्हणतो ‘काटा खाली आला, काम झालं’. ड्रायव्हरही काट्यावरच समाधानी. पण झीज भिंतीच्या तापमानावर ठरते, हेड धातूच्या तापमानामुळे वाकतं, आणि आपण मोजतो पाणी. तुम्ही उद्या कुठलंही उपकरण वापराल, तेव्हा हा प्रश्न आधी विचारा: मला जे हवंय तेच हे मोजतंय, की त्याच्या शेजारचं काहीतरी?

गंधक गेलं, धूर आला

शेवटचा बदल इंधनाचा. आम्लाचं दव पडतं त्यात गंधकाचा मोठा वाटा. भारतात २००० मध्ये डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ०.२५ टक्के होती, म्हणजे दहा लाखांत २,५०० भाग. बीएस-४ ला ती ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सोबत १०. वीस वर्षांत अडीचशे पट कमी. मग थंड चालण्याची शिक्षाही कमी झाली का? गंधकापुरती नक्कीच झाली. पण पाण्याचं दव, घट्ट तेल आणि अर्धवट जळणारं इंधन हे आहेच. त्याच वेळी दुसरी मागणी पुढे आली: धूर. इंजिन गरम असेल तर न जळलेले हायड्रोकार्बन कमी होतात. अमेरिकेत साधारण १९७० च्या आगेमागे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि पेट्रोल गाड्यांचे थर्मोस्टॅट १९५ फॅरनहाइटकडे, म्हणजे ९० सेल्सिअसकडे सरकले ते बऱ्याच अंशी यामुळे. पण ज्वलनाचं तापमान फार वाढलं तर नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. म्हणजे ‘जितकं गरम तितकं चांगलं’ म्हणणारा आपला विद्यार्थीही पूर्ण बरोबर नाही.

मग उत्तर काय?

बीएस-६ च्या आधीच्या साध्या डिझेल पिकअपसाठी: थर्मोस्टॅट असावा आणि कंपनीने त्या इंजिनासाठी सांगितलेल्या तापमानाचाच असावा, बहुधा ८० च्या आसपास उघडणारा. गाडी तापल्यावर पाणी साधारण ८० ते ९५ मध्ये राहावं. घाटात किंवा कोंडीत ते थोडा वेळ १०० च्या वर गेलं, तर झाकण धड आणि कूलंट योग्य असताना लगेच घाबरायचं कारण नाही. काटा चढतच राहिला तर मात्र गाडी बाजूला घ्यावी. बोअरचं पाणी नको. बर्फ पडत नसला तरी कूलंट हवं, कारण आपल्याकडे त्याचं मुख्य काम गंज आणि क्षार रोखणं हे आहे. आणि गाडी तापत असेल तर आधी झाकण, पट्टा, रेडिएटर आणि पंप बघा. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवा, काढून टाकू नका.

म्हणजे ८२ हा आकडा एका लांब भांडणाची तडजोड आहे. खालून झीज आणि तेल ढकलतात, वरून उकळणं आणि वाकणारं हेड दाबतात, बाजूने धुराचे नियम ओढतात. या प्रत्येकाची तारीख वेगळी आणि गाव वेगळं.

तुमच्या विषयातही असे आकडे असतील. प्रयोगशाळेत ‘२५ अंशांना करायचं’, ‘रात्रभर ठेवायचं’, ‘पीएच ७.४’ असं सगळे म्हणतात आणि सगळे करतात. त्यातला एक आकडा या आठवड्यात निवडा आणि तीन गोष्टी शोधा: तो पहिल्यांदा कोणत्या अडचणीसाठी ठरला, ती अडचण तुमच्याकडे अजून आहे का, आणि तो मोजणारं उपकरण नेमकं काय मोजतं. एखाद्या आकड्याची अडचण कधीच संपलेली असेल आणि आकडा तेवढा सवयीने टिकून असेल. तसा आकडा सापडला, तर तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण बहुतेक तिथेच आहे.